पहिल्या प्रतीचं घड्याळ

रविवारी मेहुणा जेवायला आला आणि हात धुण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून त्याने माझ्या हातात दिलं. "धरा जरा दाजी, पाणी जायला नको."

घड्याळ पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांचं होतं. तबकडीवर 'दोनशे मीटर' असं इंग्रजीत ठसठशीत छापलेलं. एवढ्या खोल समुद्रात उतरायच्या घड्याळाला आमच्या बेसिनच्या नळाची धास्ती.

मी ते उलटसुलट करून पाहिलं. काचेभोवतीची चकती फिरवली, तर ती सैल झाकणासारखी खुळखुळली. तिच्यावरचा त्रिकोण बाराच्या खुणेवर यायलाच तयार नव्हता. सेकंदकाटा मात्र भलत्याच ऐटीत फिरत होता.

"फर्स्ट कॉपी आहे," मेहुणा हात पुसत म्हणाला. "एकदम पहिल्या प्रतीची. कुणाला ओळखूच येत नाही."

मला त्या 'प्रत' शब्दाचाच राग आला. नक्कल म्हणजेही प्रत आणि दर्जा म्हणजेही प्रत. एकाच शब्दात दोघांची सोय लावून दिल्यावर खोटेपणाला लाजायचं कारणच उरत नाही. स्वस्त घड्याळाशी माझं भांडण नाही. माझंही स्वस्तच आहे, पण ते समुद्राच्या बाता मारत नाही, निमूट वेळ सांगतं.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं. बायको वाढता वाढता थांबून माझ्याकडे बघत होती.

"छान आहे रे," मी म्हणालो.

ते 'छान'ही पहिल्या प्रतीचंच होतं. त्याला ओळखू आलं नाही.