कापडात जिरवलेलं

भरदुपारी लाइट जाते. पंखा दोन-चार फेरे घेऊन थांबतो आणि वैजयंता मशिनवर हात दुमडून त्यावर डोकं टेकते. पाचच मिनिटं, ती स्वतःला बजावते. शाळा सुरू व्हायला आठ दिवस उरलेत आणि बार्शीतल्या तिच्या एवढ्याशा शिवणाच्या दुकानात गणवेशांचे गठ्ठे छताला टेकायला आलेत. डोळे मिटले तरी तिला एकच पाठ दिसत राहते. समिधाची.

समिधा जगदाळे तेरा वर्षांची, आठवीतली. सकाळी ती आईबरोबर माप द्यायला आली होती. वैजयंतानं पाठीला टेप लावली आणि तिचा हात थबकला. उजवा खांदा बोटभर वर. त्याच बाजूचं खवाट्याचं हाड पाठीतून बाहेर आल्यासारखं. कमरेला डावीकडे खोलगट, उजवीकडे सपाट.

"पोक काढून बसते हो दिवसभर," समिधाची आई अश्विनी म्हणाली होती. "ताठ उभी राहा गं!"

पोरगी ताठ झाली. टेप मात्र तेच सांगत राहिली.

वैजयंतानं माप वहीत उतरवलं. पोरगी गेल्यावर तिनं गणवेशाच्या फ्रॉकचा उजवा खांदा जरा वर कापला, डावीकडे आतून कॅनव्हासची पट्टी घातली, बाजूची शिवण अर्धा इंच सरकवली. अंगात घातल्यावर कुणाला काही दिसणार नाही. ही कला तिला अण्णांनी शिकवली. दत्तोबा पोरे, तिचे वडील, याच दुकानात चाळीस वर्षं शिवत बसलेले.

"बघू," अण्णा म्हणतात.

ते समोर उभे आहेत. पांढरा पायजमा, बंडी, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, हे वैजयंताला आठवतं, पण त्याचं काही वाटत नाही.

"लाइट नाही, अण्णा. दिसायचं नाही तुम्हाला."

"मला कशाला लाइट?"

ते फ्रॉक उचलतात, उलटा करतात, शिवणीवरून बोट फिरवतात. "झकास बसवलंयस. माझ्यासारखाच हात."

आयुष्यभर ज्या कौतुकाची तिनं वाट पाहिली, ते ऐकून तिला फ्रॉक त्यांच्या हातातून काढून घ्यावासा वाटतो.

दुकानाच्या भिंती कुठेच नाहीत. शाळेचं मैदान आहे, प्रार्थनेसाठी पोरी रांगांनी उभ्या आहेत, सगळ्या पाठमोऱ्या. प्रार्थनेचा आवाज नाही. लांब कुठेतरी मशिन चालल्याची टकटक तेवढी. अण्णा रांगेतून चालताहेत. हातात दोरा, दोऱ्याच्या टोकाला बॉबिन. एकेका पोरीच्या मानेपाशी ते दोरा धरतात. दोरा सरळ लोंबतो, त्याच्यामागे पाठही सरळ. मग एका पोरीशी ते थांबतात. तिची पाठ दोऱ्यापासून दूर जाते आणि खाली कमरेशी परत येते, वळसा घेतल्यासारखी.

दोन लांब वेण्या, लाल रिबिनी.

"अक्का?" वैजयंता हाक मारते.

पोरगी वळत नाही. पण वैजयंता ओळखते. मालन, तिची मोठी बहीण, बारा वर्षांची. खरी अक्का आता बावन्न वर्षांची आहे, सोलापुरात एकटी राहते, एक जिना चढताना दोनदा थांबते आणि पाठमोरा फोटो कुणाला काढू देत नाही.

"हिचं सोळाव्या वर्षी कळलं ना आपल्याला?" वैजयंता विचारते. घरात कायम तेच सांगितलं जायचं. एकाएकी झालं म्हणून.

"तुम्हाला," अण्णा म्हणतात.

"म्हणजे?"

"मला बाराव्या वर्षीच कळलं होतं. परकर-पोलक्याचं माप घेताना."

"आणि बोलला नाहीत?"

"पोरीची जात. गावभर झालं असतं. म्हटलं, कापडात जिरवू. एका खांद्याला एक थर घातला. पुढच्या वर्षी दोन. मग तीन. हात चांगला होता गं माझा."

"आईला तरी?"

"तिलासुद्धा कळू दिलं नाही. एवढा चांगला होता."

आता ते जिन्यात आहेत. हा अक्काचा सोलापूरचा जिना, पण त्याला वरचं टोक नाही. अण्णा पुढे चढताहेत आणि अक्कासारखेच धापा टाकताहेत. काखेत गाठोडं. एका पायरीवर ते बसतात, गाठ सोडतात. आतून कॅनव्हासच्या पट्ट्या निघतात. हाताएवढ्या, मग बोटाएवढ्या. किती काढल्या तरी गाठोडं रिकामं होत नाही.

"हे कुठं ठेवू, वैजे?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झालाय. "तिकडं ठेवून घेत नाहीत. तू घेतेस?"

वैजयंता दोन्ही हात पाठीमागे लपवते.

अण्णा खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांनी गाठोडं पुन्हा बांधतात. मग म्हणतात, "वाक."

ती वाकते. मानेपासून खाली एकेका मणक्यावर त्यांचा अंगठा टेकतो. गार, कात्रीच्या पात्यासारखा.

"तुझी सरळ आहे," अण्णा म्हणतात. "तुझी बघायचीच राहिली होती. भीती वाटायची."

"काकू! ओ काकू!"

पंखा फिरतोय. काउंटरपलीकडे समिधा आणि अश्विनी उभ्या, फ्रॉक घालून बघायला आलेल्या. वैजयंता तोंडावर पाणी मारते आणि काही न सुचून फ्रॉक पुढे करते. समिधा तो ड्रेसवरूनच चढवते. नेमका बसतो.

"बघा, कशी ताठ दिसते!" अश्विनी खूश होते.

"काढ तो, समिधा," वैजयंता म्हणते. "आणि तुम्ही आत या जरा."

पडद्याआड ती पोरीला पाठमोरी उभी करते. "पाय जुळव. गुडघे सरळ. आता हात सोडून पुढं वाक."

समिधा वाकते. उजव्या बाजूच्या बरगड्या ड्रेसखाली उंचवट्यासारख्या वर येतात. डावी बाजू खालीच राहते.

"हे काय?" अश्विनीचा आवाज बदलतो. "पोकच ना?"

"मला नाही वाटत. मी डॉक्टर नाही, पण माझ्या बहिणीचं असंच होतं. दाखवलं तेव्हा वाढ संपली होती, फारसं काही करता आलं नाही. हिची उंची वाढतेय अजून. हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे काढून ते ठरवतील. पाठीला पट्टा लागेल, नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं असेल. पण थांबू नका."

"सकाळी का नाही बोललात?"

याला वैजयंताकडे उत्तर एकच आहे. ती फ्रॉक उलटा करते, आतली पट्टी दाखवते. "झाकत होते."

अश्विनीचे डोळे लाल होतात. ती काहीतरी लागेलसं बोलणार, असं वाटतं. पण तिचा हात आपोआप पोरीच्या पाठीवर जातो. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

"मला माहितीये, आई," वाकलेल्या समिधाचा आवाज खालून येतो. "बाक एकाच बाजूला टोचतो."

"मग सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की तू ताठ बस म्हणायचीस."

अश्विनी तिला धरून उभी करते. केस सारखे करते, परत परत करते. "उद्याच जाऊ," म्हणते. कुणाला म्हणते ते कळत नाही.

फ्रॉक तिथेच राहतो. दोघी पायऱ्या उतरतात आणि समिधा मागे वळते.

"काकू, तुमच्या पाठीला खडू लागलाय."

वैजयंता आरशाकडे पाठ करून मान वळवते. गडद निळ्या कुर्त्यावर, जिथे तिचा स्वतःचा हात पोचत नाही तिथे, अंगठ्याचे पांढरे ठसे आहेत. मानेपासून कमरेपर्यंत, एकाखाली एक, सरळ रेषेत.