दिव्यांमागच्या ज्योत्स्नाबाई

यंदा नाही म्हणायचं, हे ज्योत्स्नाबाईंनी गणपतीतच ठरवून टाकलं होतं. असीरगढच्या शाळेत शिकवून बसने घरी येईस्तोवर पाय भरून यायचे. उजवा हात तर कधीपासून खांद्याच्या वर जात नव्हता. शिडीवर चढून दिवे बांधायचे कोणी? पण मराठी मंडळाचं नाटक म्हटलं की दिवे ज्योत्स्नाबाईंचे, हे बऱ्हाणपुरात इतकं पक्कं झालं होतं, की आताशा त्यांना कोणी विचारतसुद्धा नसे. नुसती तालमीची वेळ कळवायचे.

लग्न होऊन आल्या तेव्हा मंडळाने त्यांना एक छोटं काम दिलं होतं. पहिल्याच प्रयोगात वाचा बसली. रडत विंगेत आल्या, तर दिवे सांभाळणाऱ्या दगातात्यांनी जवळ बोलावलं. "इथं उभी राहा पोरी. इथं कोणी बघत नाही." त्या तिथे उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

दिग्दर्शक ऋषिकेश घरी आला. "वहिनी, असं कसं? तुम्ही नाही तर कोण?"

"कोणीही. माझ्याने आता होत नाही."

त्याने फार ताणलं नाही. आठवड्याभरात खंडव्याहून लग्नांची लाइटिंग करणारा मयूर ठरलासुद्धा. ज्योत्स्नाबाईंना सुटल्यासारखं वाटलं. इतक्या लवकर माणूस मिळाला, हे जरा लागलंही.

पहिल्या प्रयोगाच्या शनिवारी संध्याकाळी त्यांचे यजमान जीवनराव इतवाऱ्यातलं दुकान लवकर बंद करून आले आणि दोघं पहिल्यांदाच जोडीने खुर्च्यांवर बसून नाटक बघू लागले. मयूरचे नवे एलईडी दिवे पटापट रंग बदलत होते. भांडणाला लाल, समेटाला जांभळा. लोक खूश होते.

"छान आहे ना?" जीवनरावांनी विचारलं.

"छानच आहे," त्या म्हणाल्या. डोळे मिटू लागले होते.

दुसऱ्या अंकात मालूबाई आल्या. मंडळाच्या सगळ्यात जुन्या नटी. वयामुळे आता त्यांना एकच प्रवेश असे, मुलाची वाट बघणाऱ्या आईचा. त्या बोलू लागल्या आणि झोताच्या बाहेर सरकल्या. एक पाऊल पुढे, मग डावीकडे. तोंड अंधारात, शब्द मात्र सगळे जागच्या जागी. लोकांना ते आईचंच चाचपडणं वाटलं. टाळ्या पडल्या. ज्योत्स्नाबाईंची झोप पार उडाली.

नाटक संपल्यावर त्या रंगपटात गेल्या. "मालूबाई, काय झालं होतं?"

मालूबाईंनी आधी दाराकडे बघितलं. "डोळ्यांवर धुकं आहे गं. कोणाला बोलू नको, काम काढून घेतील. तुझा दिवा गालाला गरम लागायचा ना, तिथं थांबायचं, इतकंच मला ठाऊक. याचे दिवे तर थंडे आहेत. कुठं थांबू?"

रविवारी ज्योत्स्नाबाई दुपारपर्यंत पडूनच होत्या. दुसरा प्रयोग संध्याकाळी होता. शेवटी उठल्या, साडी बदलली.

"तू तर सोडलं होतं ना?" जीवनराव म्हणाले.

"सोडलंच आहे."

मंडळाच्या कोठीतून त्यांनी जुना हॅलोजनचा दिवा काढला, फडक्याने पुसला आणि मयूरपुढे ठेवला. "भैया, बस ये एक लगा दो."

"मॅडम, ये तो बहुत गरम होता है."

"हां, इसीलिए."

त्याने खांदे उडवले, पण शिडीवर स्वतःच चढला. खालून ज्योत्स्नाबाई 'थोडा नीचे', 'बस' म्हणत राहिल्या. तेवढ्यानेही कंबर धरली.

मालूबाई त्या प्रवेशात आल्या, थबकल्या, चेहरा जरासा वळवला आणि थांबल्या. मग हलल्या नाहीत. टाळ्या कालच्याइतक्याच पडल्या, एकही जास्त नाही. ऋषिकेशच्याही काही लक्षात आलं नाही. जाता जाता तो म्हणाला, "पुढच्या वर्षी सगळं परत तुमच्याकडेच हं, वहिनी."

"नाही रे बाबा. मालूबाई असतील तर त्यांच्यापुरती येईन."

रंगपटातल्या पेटीवर मालूबाई बसल्या होत्या. ज्योत्स्नाबाई शेजारी टेकल्या. "दिवाळीनंतर डोळे दाखवायला जाऊ. मी येते बरोबर."

"बरं. आणि मग दिसायला लागलं तर?"

"तर मी सुटले."

मालूबाई हसल्या. जीवनराव स्कूटर घेऊन बाहेर केव्हाचे उभे होते, हॉर्न वाजवत होते. दोघींपैकी कोणीच उठेना.