भट्टीच्या पोटातली पांढरी भिंत

"भिया, पत्रा लाल हो रिया है!"

भट्टीवरच्या गफूर मिस्त्रींची हाक आली तेव्हा मी साच्याजवळ उकिडवा बसलो होतो. वळून पाहिले तर भट्टीच्या बाहेरच्या पत्र्यावर, कमरेच्या उंचीला, पुरीएवढा डाग. आधी जांभळट होता, माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. आत कित्येक मण लोखंड वितळत होते आणि त्या लोखंडाच्या व आमच्या मध्ये आता फक्त तो पत्रा उरला होता.

"वारा बंद! तळ सोडा!" मी ओरडलो.

भट्टीच्या तळाला दोन झडपांचे दार असते आणि त्याला खालून एक टेकू. गफूर मिस्त्रींनी लांबूनच साखळीला हिसका दिला. टेकू निसटला. धगधगता कोक कोळसा, अर्धवट वितळलेले लोखंड, सगळा ऐवज खालच्या कोरड्या वाळूवर कोसळला. धग अशी आली की आम्ही सगळे भिंतीपर्यंत मागे सरलो. कुणाला इजा झाली नाही. पण साचा रिकामाच राहिला आणि चाक काही ओतले गेले नाही.

हे देवासला घडले, विसावे शतक नुकते लागले होते तेव्हा. मी धारचा. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या दरबारी कारकुनीतले, पण मला लेखणीपेक्षा हातोडा प्यारा, म्हणून वडिलांनी नाइलाजाने मुंबईला यंत्रकाम शिकायला पाठवले. परत आलो तो धारच्या वरच्या मोहल्ल्यांना पाणी चढवणारा वाफेचा पंप माझ्या हवाली झाला. ऐन चैत्रात त्या पंपाचे मोठे दातेरी चाक दुभंगले. नवे चाक विलायतेहून यायचे, म्हणजे पावसाळा उलटणार. ओतकामाची जवळची भट्टी देवासला, एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात. चाकाचे तुकडे बैलगाडीत घालून मी तिथे येऊन बसलो होतो.

त्या भट्टीला क्युपोला म्हणतात. पोलादाच्या मोठ्या कारखान्यांत जी ब्लास्ट फर्नेस असते तिचा हा धाकटा भाऊ. ती दगडातून लोखंड काढते, हा तयार लोखंड पुन्हा वितळवतो. पत्र्याचे उभे नळकांडे, वरून कोक, लोखंड आणि चुनखडीचे थर टाकायचे, खालून नळ्यांनी वारा मारायचा. दोघांचा जीव मात्र एकाच गोष्टीत, आतल्या लायनिंगमध्ये. लायनिंग म्हणजे आगीला दाद न देणाऱ्या विटांचे अस्तर. ते गेले की लोखंडाबरोबर भट्टीही वितळू लागते.

भट्टी निवल्यावर मी कंदील घेऊन आत शिरलो. डाग पडला होता तिथे अस्तरच नव्हते. कधीतरी डागडुजी करताना फायरब्रिक कमी पडल्या म्हणून तेवढ्या जागी घरबांधणीच्या साध्या विटा बसवल्या होत्या. त्या गुळासारख्या पाघळून खाली ओघळल्या होत्या. बाकीच्या फायरब्रिकही झिजून पापडासारख्या झालेल्या.

बाहेर येऊन कारखान्याच्या शेठजींना म्हणालो, "सगळं लायनिंग नवं करावं लागेल."

"कर लो, पंडितजी. ईंटें किधर से लाओगे?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. मुंबईच्या व्यापाऱ्याला तार केली. उत्तर आले, फायरब्रिक शिल्लक नाहीत, पुढच्या बोटीची वाट पाहा.

तेवढ्यात धारहून तात्यासाहेब टांग्यातून येऊन उतरले. पाणीपुरवठ्यावरचे माझे वरिष्ठ. माणूस तापट, पण मनाने सरळ. हातपाय न धुताच त्यांनी विचारले, "विनायकराव, चाक कुठाय?"

मी वाळूतला लोखंडाचा गोळा दाखवला.

"हे चाक?" ते मट्‌कन खाली बसले. "अहो, तिकडे विहिरींचे तळ दिसायला लागलेत. बायका तळ्यावरून हंडे वाहताहेत. काल आमच्या शेजारची गरोदर सून घाटाच्या पायरीवर घसरून पडली. वाचली बिचारी. मी लोकांना काय सांगू?"

त्या सुनेची गोष्ट ऐकली आणि डोके एकदम चालू लागले. मुंबईला एका कारखान्यात मी विटांशिवाय केलेले लायनिंग पाहिले होते. गारगोटीचा चुरा आणि पांढरी माती एकत्र मळून, लाकडी साच्याभोवती ठोकून ठोकून एकसंध भिंत केलेली. गारगोटी कितीही तापवा, सहजी वितळत नाही, आणि ती आमच्याकडे नदीनाल्यांत पडलेली. प्रश्न होता तेवढी आग सोसणाऱ्या मातीचा.

"शेठजी, तुमच्या गाड्या कुठे कुठे जातात?"

"सब तरफ. बदनावर से माल, बागली के जंगल से लकड़ी."

"मग गाडीवानांना सांगा, जिथे पांढरी माती दिसेल तिथून टोपलीभर घेऊन या."

शेठजी हसले, पण त्यांनी खरोखरच सगळीकडे निरोप धाडले. हळूहळू कारखान्याच्या अंगणात टोपल्या जमू लागल्या. देवास तेव्हा थोरल्या आणि धाकट्या पातीत वाटलेले, एकाच गावात दोन राज्ये. रस्ता ओलांडला की नाका. नाकेदार रोज विचारी, "इसमें क्या है?" गाडीवान म्हणे, "मिट्टी." नाकेदार कपाळाला हात लावी आणि गाडी सोडून देई. गावभर झाले की जिनवाले भट्टी सोडून आता कुंभारकाम करणार.

मी प्रत्येक टोपलीतल्या मातीवर लिंबू पिळले. काही माती फसफसली. फसफसली म्हणजे तिच्यात चुना आहे. चुनखडी भट्टीच्या पोटात हवी, तिने लोखंडातला मळ पातळ होऊन सुटतो. पण तोच चुना भिंतीत असला की तो भिंतीलाही पातळ करतो. देवासला घरे सारवायची पांढरी माती, जिला तिथे खडी म्हणतात, ती अशी फसफसली. ती बाद.

उरलेल्या मातींचे लिंबाएवढे गोळे करून वाळवले, प्रत्येकावर खिळ्याने गावाचे अक्षर कोरले आणि लोहाराच्या भात्यासमोर पांढऱ्या आगीत ठेवले. तात्यासाहेब धोतराचा सोगा सावरत तिथेच उभे. गफूर मिस्त्री चिमटा घेऊन तयार. आम्ही तिघेही परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी उभे राहावे तसे उभे होतो.

पहिला गोळा काढला. काचेसारखा चकाकत चपटा झालेला. दुसरा बदनावरचा, तडकून दोन तुकडे. तिसरा फुगलेला. चौथा बाहेर आला तो पांढराधोट, गोल, वरचे 'बा' अक्षरही जसेच्या तसे.

"बागली!" तात्यासाहेब एवढ्या जोराने ओरडले की बाहेरचे बैल बुजले.

मिस्त्रींनी गोळा ऐरणीवर ठेवून हातोडीने टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. "ये चलेगी, भिया," ते म्हणाले आणि मला चक्क मिठी मारली.

मग काम असे सुटले की विचारू नका. बागलीच्या मातीच्या गाड्या आल्या. जिनिंगचा हंगाम संपलेला, तेव्हा शेठजींनी बसून असलेले सगळे मजूर दिले. बायांनी गारगोट्या कुटल्या. पुरुषांनी चुरा आणि माती पायांनी तुडवली. पाणी बेताचे, मुठीत दाबले तर गोळा व्हावा पण बोटे ओली होऊ नयेत एवढेच. जुने अस्तर फोडून काढले. मिस्त्री आणि मी आळीपाळीने भट्टीत उतरून थरावर थर ठोकत गेलो. ठोक सैल बसला की आवाज बद्द येतो, घट्ट बसला की टणक. हात सोलवटले, पण मला त्या दिवसांत थकवा आठवत नाही. जेवतानाही कान भट्टीकडे.

भिंत उभी राहिली आणि तात्यासाहेब म्हणाले, "पेटवा."

"नाही. अजून ओली आहे."

"वरून तर सुकली की!"

"आत पाणी आहे. एकदम आग दिली तर त्याची वाफ होईल आणि भिंतीचे टवके उडतील. मग सगळं पहिल्यापासून."

"विनायकराव, मी तुम्हाला हुकूम करतोय."

"मग चाकाची जबाबदारीही आपणच घ्या, तात्यासाहेब. मी माझं सामान बांधतो."

मला माझेच नवल वाटले. ते लालबुंद होऊन निघून गेले. मी आत लाकडांची मंद आग लावली. अधूनमधून भट्टीच्या तोंडावर थंड लोखंडी पत्रा धरायचा. त्यावर दव धरले की समजायचे, भिंत अजून घाम गाळते आहे. शेवटी एका सकाळी पत्रा कोरडाच खाली आला. मी तो तसाच तात्यासाहेबांच्या बिऱ्हाडी नेऊन दाखवला. त्यांनी त्यावर बोट फिरवले आणि एवढेच म्हणाले, "चला."

वाफेचे इंजिन सुरू झाले, वारा घोंघावू लागला. वरून थर पडू लागले. मी भट्टीभोवती फिरत राहिलो, हाताचा तळवा पत्र्यापासून वीतभर दूर धरून. पहिली बादली लोखंड आले, नारिंगी, पाण्यासारखे पातळ. पण चाकाला दोन मोठ्या बादल्या एकदम हव्यात. पहिली भरून ठेवली तेवढ्यात जुन्या डागाच्याच जागी पत्रा तळव्याला जास्त गरम लागला.

"छोड़ दूँ तळ?" मिस्त्रींनी साखळी धरली.

तळ सोडला तर चाक गेले. न सोडला आणि भिंत फुटली तर आमच्यापैकी कोण गेले असते, देव जाणे. मी धावत जाऊन वाऱ्याच्या नळीच्या अभ्रकाच्या खिडकीला डोळा लावला. आत सूर्य कोंडल्यासारखा उजेड. त्यात हळूहळू भिंत दिसली. अंगावर चिनी बरणीसारखी चकाकी चढलेली, पण सरळ, अखंड. खाली ओघळ नाही की खड्डा नाही. पत्रा तापला होता तो शेजारच्या नळीमुळे, तिच्या तोंडाला मळ चिकटल्याने वारा एका बाजूला वळला होता.

"भिंत उभी आहे!" मी किंचाळलोच. "मळ फोडा, वारा चालू ठेवा!"

मिस्त्रींनी सळईने मळ फोडला. वारा सरळ झाला. दुसरी बादली भरली आणि दोन्ही एकदम साच्यात रिकाम्या झाल्या. साच्याच्या भोकांतून निळ्या ज्योती उठल्या. तात्यासाहेब त्यांच्याकडे पाहत हात जोडून उभे होते.

चाक पुरते निवू दिले, मग साचा फोडला. एकही दाता अधू नव्हता. धारला नेऊन बसवले, पंप चालू झाला, वरच्या मोहल्ल्यात नळाला आधी हवा आली, मग गढूळ पाणी आणि मग स्वच्छ. तात्यासाहेबांनी माझ्या हुकूमभंगाबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. बढतीही दिली नाही, हेही सांगून टाकतो. शेठजींनी मात्र पुढे विलायती विटा मागवल्याच नाहीत. दरवर्षी बागलीची माती ठोकून ते अस्तर नवे करत राहिले.

नव्या मुलांना मी एवढेच सांगतो. पांढरी दिसते म्हणून माती घेऊ नका, आधी जाळून पाहा. आणि ओल्या भिंतीला, हुकूम कितीही मोठ्या माणसाचा असो, आग दाखवू नका. भिंतीला हुद्दा कळत नाही.