सुई मोडेल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्या दादांजवळ तर नाहीच. आता बोलतो, कारण लोक मला कृतज्ञ म्हणतात. गावच्या शाळेत समारंभाला बोलावतात, हार घालतात आणि सांगतात — हे आपल्या गावचे पहिले पदवीधर, थोरल्या भावानं शेत कसून यांना शिकवलं आणि यांनी त्याची जाण ठेवली. जाण ठेवली म्हणे. मला त्या हाराची चीड येते. बोलणाऱ्याची येते. आणि मान खाली घालून तो हार घेणाऱ्याची — त्याची तर सगळ्यात जास्त.

आमचं खेडं बेलापूरजवळचं. दादांच्या लग्नात वाजंत्री आलेच नाहीत, तेव्हा मामांनी कुठूनशी चावीची ग्रामोफोनची पेटी आणि सनईची एक तबकडी पैदा केली. त्या सनईवर दादा-वहिनींवर अक्षता पडल्या. मग पेटी दादांनी हौसेनं ठेवूनच घेतली. मी नगरला कॉलेजात निघालो तेव्हा तीच माझ्या हातात दिली. "तिकडं तुला करमायचं न्हाई," एवढंच म्हणाले. तबकडी तेवढी वहिनींनी ट्रंकेत ठेवली. लग्नाची होती ना.

मी बी.एस्सी. झालो, कोपरगावकडे एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्या मुख्य केमिस्टांच्या बंगल्यावर पहिल्यांदा एल.पी., म्हणजे नव्या धर्तीची मोठी तबकडी, ऐकली. सतारीची तार शेजारच्या खोलीत कुणी छेडावी, इतकी स्वच्छ. त्यानंतर माझी पेटी मला डब्यात तोंड घालून बोलणाऱ्या माणसासारखी वाटायला लागली. मी पुण्याहून तबकड्या वाजवायचा विजेचा रेकॉर्ड चेंजर आणला, ॲम्प्लिफायर आणला, सुताराकडून सागवानी खोकी करून घेऊन त्यांत दोन स्पीकर बसवले. आणि दादांची पेटी? ती दुकानदारानं मोडीत घेतली. दादांना विचारलं होतं का? नाही. पण मला सांगायचंय ते हे नाही — हे सांगणं सोपं आहे, म्हणून आधी सांगितलं.

यंत्र आल्याचं मीच त्यांना पत्रानं कळवलं होतं. आमच्याकडे नवीन वस्तू घरात आली — नांगर असो की पाण्याचं इंजिन — की पहिला हात थोरल्याचा. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? तरी मी पहिल्या संध्याकाळी केमिस्टसाहेबांना सपत्नीक बोलावलं. खुर्च्या मांडल्या, सतारीची एल.पी. पुसून तयार ठेवली. आणि दारात दादा. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात धुतलेल्या धोतरात गुंडाळलेली ती तबकडी.

"बाळू," त्यांनी दारातूनच हाक दिली, "पयली सनई वाजू दे बाबा. मंग तुमचं काय ते वाजवा."

साहेबांच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. कारखान्यात मला कुणी बाळू म्हणत नसे.

आता ऐका. चेंजरला वेगाची कळ होती, तिच्यावर ७८ चा, म्हणजे जुन्या तबकड्यांच्या वेगाचा, आकडा होता. सुईजवळ एक गुंडी होती — ती फिरवली की जुन्या तबकड्यांची सुई खाली येई. दुकानदारानं मला ते करून दाखवलं होतं, मी त्याच्यासमोर स्वतः करून पाहिलं होतं. आणि मी म्हणालो, "दादा, या मशीनवर जुन्या तबकड्या चालत नाहीत. सुई मोडेल."

केमिस्टसाहेबांनी कळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग किंचित हसले आणि म्हणाले, "बरोबर आहे." तुम्हाला खरं सांगू? त्या हसण्यानं मला बरं वाटलं. मी त्यांच्यातला झालो होतो.

"मंग नगं," दादा म्हणाले. "नाजूक वस्तूला कशाला तरास." त्यांनी पायरीवर नारळ फोडला, चेंजरच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं आणि खुर्ची रिकामी असताना खाली बसले. तबकडी मांडीवर घेऊन सगळी सतार ऐकली. आणि मला राग कुणाचा आला होता? त्यांचा. न कळवता आले म्हणून, त्या कुंकवाच्या बोटाचा डाग पडेल म्हणून.

एवढंच असतं तर क्षुल्लक खोटं म्हणून तुम्ही सोडूनही दिलं असतं. पण दादांनी ते खोटं गावात नेलं आणि मिरवलं. पारावर, बाजारात, सोसायटीत — "आमच्या बाळूची मशीन लई नाजूक. जुनं चालतच न्हाई तिला." मी गावी गेलो की लोक मला त्याबद्दल विचारत. आणि मी मान हलवत असे.

मग पुतणीचं, सुमनचं लग्न निघालं. मांडवात माइकवाल्यानं आपलं यंत्र मांडलं. त्याच्याकडे सिनेमातल्या गाण्यांच्या छोट्या नव्या तबकड्या होत्या. वहिनींनी ट्रंकेतून सनई काढून आणली. "सुमीच्या अक्षदा बी हिच्यावरच पडू द्या," म्हणाल्या. माइकवाल्यानं हात पुढे केला, तर दादा मध्ये आले.

"सुई मोडंल तुजी."

"न्हाई मोडत, दादा. चालती की."

"माझा भाऊ बी.एस्सी. हाय. त्यानं सांगितलंय. तुला जास्त कळतं व्हय रं?"

माइकवाला हसला आणि माझ्याकडे वळला. "काय सायेब, तुमीच सांगा."

वहिनीही माझ्याकडे पाहत होत्या. तबकडी अजून त्यांच्याच हातात होती. एक शब्द पुरला असता — चालते. सगळा मांडव होता, व्याही होते, दादांच्या चेहऱ्यावर माझ्या शिक्षणाचा तो अभिमान होता. तो अभिमान मोडू नये म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच. मला खोटारडा ठरायचं नव्हतं, बस.

"दादा म्हणतात ते खरं आहे," मी म्हणालो.

वहिनी तबकडी घेऊन घरात गेल्या. सुमनच्या अक्षता सिनेमातल्या कसल्याशा गाण्यावर पडल्या.

पंगती उठल्यावर दादा माझ्याशेजारी येऊन टेकले. दमले होते, खूश होते. "बरं झालं बाळू, तू हुतास," म्हणाले. "न्हाईतर त्या गरिबाची सुई गेली असती."

हो, मी होतो. माइकवाल्याच्या यंत्रापासून हातभर अंतरावर उभा होतो, आणि त्याच्या कळीवरचा ७८ चा आकडा मला तिथून स्पष्ट वाचता येत होता.