चित्रासमोरचं बाक

“थोडा ठहर ना, बाई!” कुणी घाई केली की त्या एवढंच म्हणत आणि सुईत दोरा ओवत राहत. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या आमच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या. मीही तिथेच शिकवायची, अंबरनाथहून यायची, वयाने त्यांच्याहून बरीच लहान. मराठी त्या माझ्याकडूनच शिकल्या, तेव्हा त्यांच्या चुकांचं श्रेयही माझंच.

तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर आधी डोळ्यांकडे लक्ष गेलं असतं. सदा तांबारलेले. लष्कराच्या जुन्या बराकीत, गोणपाटाच्या पडद्याआड त्यांचं बिऱ्हाड. पलीकडे कुणी कूस बदलली तरी इकडे ऐकू येई. “झोप तिकडेच राहिली,” त्या हसून सांगायच्या.

एका शनिवारी शाळा दुपारीच सुटली आणि मी त्यांना मुंबईला चित्रांचं संग्रहालय दाखवायला नेलं. आत गारवा होता. उंच छताखाली आमचीच पावलं लांबून कुणी येत असल्यासारखी वाजत होती. एका मोठ्या चित्रासमोर त्या थांबल्या. रुंद, संथ नदी, काठावर घर, गच्चीवर एकटी बाई.

“एवढा मोठा घर, आणि माणूस एकच?”

“चला, पुढे अजून खूप आहे.”

“थोडा ठहर ना, बाई.” त्या समोरच्या बाकावर टेकल्या. मी पुढचं दालन बघून परतले, तर मान खांद्यावर कललेली. गाढ झोप.

पहारेकरी आला. “बाई, हितं झोपायचं नाय.”

“राहू द्या हो. यांना घरी झोप मिळत नाही.”

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग खिडकीचा पडदा ओढून त्याने त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवलं, आणि गलका करत आलेल्या मंडळींना दुसऱ्या दाराने पिटाळलं. मी शेजारी बसून राहिले. त्या मंद उजेडात नदी खरंच वाहते आहे असं मला वाटू लागलं.

जाग आली तेव्हा त्या दचकल्या नाहीत. “आईच्या अंगणात होते,” हळूच म्हणाल्या. “तिने उठवलंच नाही आज.”

आई सिंध सुटण्याआधीच वारली होती. त्या दिवशी त्या तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलल्या, आणि परतीच्या वाटेभर बोलत राहिल्या.

काही वर्षांनी ते कुटुंब लांब कुठेतरी निघून गेलं. मला मात्र त्या शनिवारनंतरचा एक रविवार आठवतो. बराकीत गेले, तर कोपऱ्यात दोरीवर सिंधहून आणलेली तांबड्या छापाची चादर आडवी टांगलेली. त्यांच्या सासूने दारातच ओठांवर बोट ठेवलं.

“बहू घर में नहीं है,” ती कुजबुजली.

चादरीखालून निजलेली दोन पावलं दिसत होती. सासू मटार सोलत होती. शेंगांचा आवाज होऊ नये म्हणून ओढणीच्या टोकाखाली धरून. मी चपला काढल्या, तिच्याशेजारी बसले आणि त्याच ओढणीखाली हात घालून सोलू लागले.