बाहेर जेवायचं म्हणून पाहिलेले किल्ले

इटलीतले किल्ले पाहून आलो असं सांगितलं, की सौसरच्या चौकातले लोक माझ्याकडे जरा आदरानं पाहतात. मास्तर रिटायर झाले, पण अभ्यास सुटला नाही, असं त्यांना वाटतं. मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. खरं कारण असं, की माझी बायको लेकीच्या घरी जेवत नव्हती आणि माणसाला दुपारचं जेवण कुठं ना कुठं करावंच लागतं.

आमच्याकडे रीत आहे. लेकीला लेकरू होईस्तोवर मायबापानं तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. रामाकोना गावची लेक शेजारच्या लोधीखेड्यात दिली जायची तेव्हा हे निभत होतं. सकाळच्या बसनं जायचं, लेकीला डोळे भरून पाहायचं, शेजारच्या घरी पाणी प्यायचं आणि दुपारच्या बसनं परत यायचं. आमची लेक दिली ती पार आल्प्सच्या डोंगरात, आओस्ता नावाच्या खोऱ्यात. जावई तिथं एका कारखान्यात इंजिनियर. तिथून दुपारची बस नाही.

लग्नाला आठ वर्षं होऊनही आम्ही गेलो नव्हतो. कधी पासपोर्ट नव्हता, कधी संत्र्याचा बहार होता. शेवटी लेकीनं तिकिटंच काढून पाठवली. पोळा आणि पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची जत्रा, आटोपून आम्ही तीन आठवड्यांसाठी निघालो. निघायच्या आदल्या दिवशी मी बायकोला विचारलं, "तीन आठवडे उपाशी राहशील का?"

"उपाशी काहून राहीन? मी माझं घेऊन चालली."

तिनं खरंच घेतलं होतं. एका सुटकेसमध्ये ज्वारीचं पीठ, बेसन, तांदूळ, मुगवड्या, कुरोड्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, मीठ, तवा आणि विजेची एक लहान शेगडी. दुसऱ्या सुटकेसमध्ये आम्हा दोघांचे कपडे, आणि त्यातही मधोमध चिवड्याचा डबा. दिल्लीच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं तवा वर धरून उलटापालटा करून पाहिला. "रोटी बनाने का है, और क्या," असं माझी बायको त्याला ज्या सुरात म्हणाली, त्या सुरापुढं त्यानं तवा मुकाट्यानं परत ठेवला.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बायकोनं सगळं घर कौतुकानं पाहिलं, पडद्यांना हात लावला, आणि शेगडी उचलून बाल्कनीत नेली. बाल्कनी म्हणजे घर नव्हे, हा निकाल तिनं विमानातच लावून ठेवला असावा.

"आणि वीज कोणाची?" मी म्हटलं.

"तुम्ही चूप बसा जी."

पाण्याचा प्रश्न मोठा होता. गावच्या चौकात एक दगडी हौद होता, त्यात डोंगराचं पाणी दिवसभर पडत राहायचं. बायको रोज सकाळी दोन बाटल्या घेऊन खाली उतरायची. हे सरकारी पाणी, ते चालतं. लेक म्हणाली, "आई, नळालेही तेच पाणी येते." त्यावर बायको म्हणाली, "पण नळ कोणाच्या घरात आहे?" लेक हसली. हसली खरी, पण नंतर स्वयंपाकघरात जाऊन तिनं भांडी जरा जोरानंच घासली. आमच्यासाठी तिनं महिनाभर आधीपासून डाळी, पोहे, गूळ जमवून ठेवला होता. कपाट उघडलं की सगळे डबे नवे, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एकही उघडला गेला नाही.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर हे सगळं नुसतं गंमतीचं वाटेल. चार वर्षांपूर्वी आमच्या लेकीला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती. ते बाळ रडलंच नाही. फोन आला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "होईल बाप्पा पुढच्या खेपेला." मग तिनं फोन माझ्या हातात दिला, आणि मी आवाज येत नाही असं सांगून तो ठेवून दिला. आवाज स्वच्छ येत होता. त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही. सौसरमध्ये कोणी विचारलं, की बायको म्हणायची, "नाई अजून काही." मी बाजूला उभा राहून मान हलवायचो.

तर दुपारी घरात जेवण नाही, बाल्कनीत तिघांनी बसून खावं तर समोरच्या खिडकीतली म्हातारी टक लावून पाहायची. जावई दिवसभर कारखान्यात, लेकीनं मात्र सुट्टी काढली होती. तिनंच तोड काढली. सकाळी आईनं भाकरी करून डब्यात भरायच्या, बसमध्ये बसायचं आणि एखादा किल्ला गाठायचा. त्या खोऱ्यात किल्ल्यांना तोटा नाही. सौसर-पांढुर्णा रस्त्यावर जेवढे बसथांबे, तेवढे तिथं किल्ले. एका किल्ल्यातला माणूस खोकला तर दुसऱ्यात ऐकू यावा.

मी तीस वर्षं पोरांना सामंतवाद शिकवला. पुस्तकात किल्ल्याचं एक चित्र होतं, अंगठ्याएवढं, आणि छपाई अशी की किल्ला आहे की गुळाची भेली ते कळू नये. पाहिलेला खरा किल्ला म्हटला तर आमच्याच जिल्ह्यातला देवगडचा, तोही शाळेच्या सहलीत, अर्धं लक्ष कोणतं पोर कुठं चढून राहिलं इकडं. त्यामुळं पहिल्या दिवशी तो चौकोनी, उंच, खिडक्या नसल्यासारखा दगडी किल्ला समोर आला तेव्हा मला खरंच भरून आलं. मी खंदक, तटबंदी, सरदार, कुळं असं सगळं सांगायला लागलो. दारावरच्या छताला भोकं होती. तिथून खालच्या शत्रूवर दगड टाकायचे, हे मी समजावून सांगितलं.

"त्याच्यासाठी एवढं बांधावं लागते?" बायको म्हणाली. तिचं माहेर पांढुर्ण्याचं. "आमच्या गावी नदीत उभं राहून मारतात, काही खर्च नाही."

असे आम्ही नऊ किल्ले पाहिले. तिकिटाच्या खिडकीशी लेक रोज तीन बोटं दाखवून "त्रे" म्हणायची, आणि पाटीवर लेकरांचं तिकीट वेगळं लिहिलेलं असायचं. बसमध्ये लेकीला विचारत विचारत मला एक ते दहा आकडे आणि पाटीवरचा लेकरांचा शब्द आला. किल्ला पाहून झाला, की बायको सावलीची जागा शोधायची, पेपर पसरायची आणि डबा उघडायची. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. कांदा ती दगडावर बुक्कीनं फोडायची. त्या सरदारांच्या दगडांवर इतक्या वर्षांत कोणी कांदा फोडला नसेल, याची मला खात्री आहे. लेकही आमच्यासोबत तेच खायची. आईनं खाऊ घातलेलं लेकीला चालतं. उलटं चालत नाही.

आणि मी? मी त्या खोऱ्यातला सगळ्यात मोठा फितूर. बायको सकाळी आंघोळीला गेली, की लेक माझ्यासमोर पाव, लोणी आणि कॉफी ठेवायची. मी पहिल्या दिवशी नाही म्हटलं, दुसऱ्या दिवशी अर्धा पाव खाल्ला, आणि तिसऱ्या दिवसापासून नळाचा आवाज बंद व्हायच्या आत दोन संपवायला लागलो. लेक समोर बसून पाहायची. तिचा चेहरा तेव्हा इतका सुखी दिसायचा की मला तिसराही खावासा वाटायचा. मग मिशी पुसून, बाहेर येऊन, मी भूक लागली म्हणून बायकोच्या मागे लागायचो.

एका दुपारी लेक तिकिटं काढायला गेली असताना मी बायकोला म्हटलं, "अवं, आता जाऊ दे न. पोरीच्या जिवाले लागते."

ती डोंगराकडं पाहत होती. "मले काय हौस आहे जी? पण मी तिच्या घरी जेवली, अन् मग तिले नाईच झालं तं? आयुष्यभर मनात राहीन माझ्या." तिचे डोळे भरले. इतके दिवस मी तिला हट्टी समजत होतो. ती आस धरून उपास करत होती, आणि हे मला पाव खाऊन खाऊन कळलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी पाव खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी खाल्ला.

नववा किल्ला सगळ्यात देखणा होता. दुहेरी भिंती, बुरूजच बुरूज, आत लहानसा चौक आणि भिंतींवर जुनी चित्रं. वरच्या एका खोलीत लाकडी पाळणा ठेवला होता, त्यावर काहीतरी कोरलेलं. लेक त्या खोलीत आत आली नाही. दारातूनच म्हणाली, "बाबा, चला खाली." बायकोनं ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि नेहमीप्रमाणं आम्ही दोघांनी छताकडं पाहिलं.

खाली पाऊस सुरू झाला होता. बाहेर बसायची सोय नाही, म्हणून बायकोनं चौकातल्या ओसरीत पेपर पसरला. डबा उघडला तशी तिथली राखणदार बाई आली. माझ्या बायकोच्याच वयाची, कमरेला चाव्यांचा जुडगा. आत खाता येत नाही, असं ती म्हणत असावी, कारण बोट दाराकडं होतं.

"तिले सांग," बायको लेकीला म्हणाली, "आमाले घरी जेवता येत नाई म्हणून इथं बसलो."

लेकीनं सांगितलं. बाईनं भुवया वर केल्या. लेकीनं मग सगळी रीत सांगितली असावी, कारण ते बोलणं बराच वेळ चाललं, मधे ती आमच्याकडं हात दाखवायची, मधे डब्याकडं. बाई हसली नाही. तिनं एक प्रश्न विचारला. त्यातला लेकरांचा शब्द मला कळला, रोज पाटीवर वाचत होतो तो.

लेकीनं पावसाकडं तोंड केलं. मग म्हणाली, "ऊना."

एक.

पुढं ती अजून काही बोलली ते मला कळलं नाही. बाईनं लेकीचा दंड धरला, तसाच धरून ठेवला. मग पुन्हा दाराकडं बोट न दाखवता तिनं आतून एक खुर्ची आणून माझ्या बायकोजवळ ठेवली आणि निघून गेली.

"काय म्हणे ते?" बायकोनं विचारलं.

"काही नाही आई. बसा म्हणे, खा."

बायकोचा विश्वास बसला नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. आकडे मला येतात हे तिला माहीत होतं, मीच बसमध्ये तिला म्हणून दाखवले होते. या वेळी आवाज येत नाही असं म्हणायची सोय नव्हती.

"लेकरं किती, असं विचारलं तिनं," मी म्हटलं. "पोरगी म्हणाली, एक."

भाकरीचा तुकडा बायकोच्या हातातच राहिला. लेक खाली मान घालून बसली होती. मग बायकोनं तुकडा परत ठेवला, डब्याचं झाकण लावलं, पेपर घडी केला.

"चाला घरी," ती म्हणाली.

किल्ले भिंती फोडून फार कमी पडतात, आत रसद संपली की पडतात, असं मी तीस वर्षं शिकवलं. त्या दिवशी डब्यात सहा भाकरी शिल्लक होत्या आणि सुटकेसमध्ये आठवडाभराचं पीठ.

बसमधून उतरून बायको झपाझप चालायला लागली. चौकातल्या हौदाशी मी सवयीनं थांबलो, तर ती तशीच पुढं निघून गेली. वर आल्यावर चप्पल काढली, थेट स्वयंपाकघरात गेली आणि टेबलाशी बसली. त्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसत होती.

"पानी दे."

लेकीनं नळाखाली गिलास धरला. अर्धं पाणी बाहेर सांडलं. बायकोनं गिलास दोन्ही हातांनी घेऊन पूर्ण संपवला.

"आता जेवाले वाढ. काय आहे ते दे."

लेकीनं पटकन खिचडी टाकली. नव्या डब्यांची झाकणं एकामागून एक उघडली, तांदूळ जमिनीवर सांडले, ते उचलायचंही तिला सुचलं नाही. मीही खुर्ची ओढली.

"तुमचं तं रोज सकाळीच होते," बायको माझ्याकडं न पाहता म्हणाली. "तुम्ही थांबा जरा."

मी खुर्ची परत सरकवली.

खिचडीवर तूप पडलं. बायकोनं पहिला घास घेतला, सावकाश चावला. लेक गॅसपाशी उभी राहून पाहत होती. दुसरा घास हातात धरून बायकोनं विचारलं, "नाव काय ठेवलं होतं तिचं?"

चार वर्षांत हे तिला आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. लेकीनं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

बायकोनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग ताट पुढं केलं.

"मी आजी झाली होती, अन् मले मालूम नाई," ती रडत रडत म्हणाली. "वाढ अजून."