खांद्यावर राहिलेली बोटं

मंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी अनसिंगला एका साखरपुड्याचं शूटिंग करत होतो. "भाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्याला, माझा भागीदार सुधाकरला, स्टुडिओतच हार्ट अटॅक आला होता... कॅमेरा सोबत्याच्या हाती देऊन मी वाशीमला निघालो.

आमच्या स्टुडिओत शूटिंग माझं, एडिटिंग सुधाकरचं. नवरीच्या डोक्यामागून गेलेली वायर, मांडवात शिरलेलं कुत्रं, पाण्याचे जार, सगळं तो एकेक फ्रेम करून पुसायचा आणि त्या जागी मागची भिंत, पडदा असा भरायचा की जोड दिसायचा नाही. एकदा एक गृहस्थ आले. थोरली सून माहेरी निघून गेली होती, म्हणून धाकट्याच्या लग्नाच्या व्हिडिओतून तिला काढून टाका म्हणाले. सुधाकरने पेन ड्राइव्ह त्यांच्यापुढे सरकवला. "मी वायरा काढतो काकाजी. माणसं नाई काढत." त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. किळस त्याला त्या माणसाची आली होतीच. पण दुखणं घरातलंही होतं. मंदावहिनी पहिला नवरा सोडून आलेल्या, म्हणून थोरले भाऊ दिगंबरराव यांनी त्यांना भावजय मानलंच नव्हतं. घरच्या कार्याला दोघं जोडीनं जायची, पण वहिनींशी कुणी बोलायचं नाही.

तेरवी जऊळक्याला, दिगंबररावांच्या घरी झाली. मांडवात मोठा स्क्रीन लावून त्यांनी सुधाकरच्या आठवणींचा व्हिडिओ दाखवला. त्यातलं पुतण्याच्या लग्नाचं फुटेज मीच घेतलेलं. सुधाकरला खेटून वहिनी उभ्या होत्या, हे मला पक्कं ठाऊक. स्क्रीनवर तो एकटाच हसत होता. शेजारी नुसता गुलाबी पडदा, तोही मध्येच थरथरणारा. आणि त्याच्या खांद्यावर बोटं राहिली होती... नुसती बोटं, हाताशिवायची. लोक बुंदी खात बघत होते. छान बनवला, असंही कुणी म्हणालं. पत्रावळ तशीच सोडून मी उठलो आणि वहिनींना का काढलं, असं दिगंबररावांना विचारलं. सुधाकरचा व्हिडिओ आहे, त्यात तिचं काय काम, असं ते शांतपणे म्हणाले आणि वाढप्याला हाक मारायला वळले. वहिनी बायकांच्या मागे उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "माह्यी बोटं राह्यली पाहा," त्या हळूच म्हणाल्या.

त्यानंतर कितीतरी दिवस मला अन्न गोड लागेना. हल्ली तर मोबाइलवर बोट फिरवलं की माणूस नाहीसा होतो, आणि लोक त्याला सफाई म्हणतात. कसली सफाई... घाण आहे ती.

गेल्या आठवड्यात स्टुडिओत गेलो. सुधाकरच्या खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या, खुर्चीच्या पाठीवर त्याचा चष्मा पुसायचा रुमाल तसाच. स्वतःपाशी ठेवायला त्यांना एक व्हिडिओ करायचा होता, त्यासाठी पुतण्याच्या लग्नाचं मूळ फुटेज लावलं होतं. पडद्यावर दोघं हसत होती, आणि मागे दिगंबरराव फेटा सावरत उभे. मला राहवलं नाही. ह्यांना काढून टाकतो, तेवढं मलाही येतं, असं म्हणून मी माउसकडे हात नेला.

वहिनींनी माउस आपल्याकडे ओढून घेतला.

"कायले? होते ना ते तिथं."